कॉलेजचा खेळाडू ते एनएफएलचा कोच : आधी काय काय उरकायचं

फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवाला, अमेरिकेतला; एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग. ड्राफ्टमध्ये (क्लब कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत) नाव आलं नाही आणि कोचिंगमध्येच शिरायचं ठरलं, तर डिसेंबरातच एका पानाचा बायोडेटा तयार ठेवा. साखळी सामने जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. मुख्य कोच गेला की बहुतेकदा त्याची माणसंही जातात, आणि खालच्या जागा त्याच धांदलीत भरतात. जानेवारीअखेरच्या सुमारास अलाबामातल्या मोबिलला सीनियर बोल (ड्राफ्टआधीचा कॉलेज खेळाडूंचा प्रदर्शनी सामना) असतो. तिथे बहुतेक क्लबांची माणसं भेटतात. एनएफएलमध्ये खेळलेलं असायलाच हवं असं नाही. शॉन मॅकवे मायामी युनिव्हर्सिटीत (ओहायोतली, फ्लोरिडातली नव्हे) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, होता. २००८ मध्ये टँपा बे संघात सहायक म्हणून लागला आणि २०१७ मध्ये तिशीतच रॅम्सचा मुख्य कोच झाला.

मग नियमांची उजळणी. कॉलेजची सवय इथेच दगा देते. कॉलेजात हॅश मार्कांमध्ये (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा; चाल सुरू करताना चेंडू त्यांच्या दरम्यान ठेवतात) ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा; चेंडू कायम जवळपास मधोमध राहतो, म्हणून ‘रुंद बाजू’ (चेंडूच्या ज्या बाजूला मैदान जास्त उरतं ती) धरून आखलेल्या चाली लंगड्या पडतात. पास पुढे टाकायच्या आत लाइनमन (समोरच्यांना अडवणारा पुढच्या फळीतला खेळाडू) कॉलेजात ३ यार्ड पुढे गेला तरी चालतं, इथे १ यार्ड. आवडत्या आरपीओवर (धावायचं की पास टाकायचा हे ऐनवेळी ठरवायची चाल) पंचाचा फाउलचा झेंडा पडतो तो यामुळे. झेल घेताना एक नव्हे, दोन्ही पाय आत हवेत. क्वार्टरबॅकच्या (चाल चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) हेल्मेटमधला कोचचा आवाज ऐकवणारा रेडिओ प्ले-क्लॉकवर (चाल सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरताच बंद होतो, तेव्हा चालींची लांबलचक नावं घड्याळ लावून मोठ्यानं म्हणून पाहा.

पहिली नोकरी बहुधा ‘क्वालिटी कंट्रोल’ची. नाव भारदस्त, काम हमालीचं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या फिल्ममधली प्रत्येक चाल नोंदवायची: डाउन (कितवा प्रयत्न), अंतर (अजून किती यार्ड हवेत), हॅश, रचना, पर्सोनेल (कोणत्या प्रकारचे किती खेळाडू मैदानात). पर्सोनेलमध्ये ‘१२’ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), दोन टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही), उरलेले दोन रिसीव्हर. एक नोंद चुकली की ‘तिसऱ्या डाउनला काय करतात’ याचा हिशेबच खोटा येतो, आणि कोच त्यावरच डाव मांडतो. अर्ज करण्याआधी तीन सामने साइडलाइन (बाजूनं) आणि एंड झोन (मैदानाच्या टोकाकडून) अशा दोन्ही कोनांतून स्वतः नोंदवून काढा. रिसीव्हर असाल तर लाइनचं प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला कसं वाचवतात ते) आधी शिका. मुलाखतीत फळ्यापाशी उभं करतात आणि स्वतःच्या जागेपलीकडे काही येत नाही हे तिथेच उघडं पडतं.

सरावाची कार्डंही तुम्हीच काढायची. ती बघून राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्याची चाल करून दाखवतात. कार्ड धरल्यावर ज्याला वाचायचंय त्याची डावी बाजू डावीकडेच आली पाहिजे. नवखा माणूस स्वतःच्या बाजूनं काढतो, टाइट एंड उलट्या बाजूला जातो, आणि कसलेल्या बचावफळीचा सराव चुकीच्या चालीवर होतो. मार्कर जाडच घ्या, पाच पावलांवरून वाचता आलं पाहिजे; पावसाची शक्यता असेल तर प्लास्टिकची पाकिटं, आणि खिशात दुसरा मार्कर.