चार्जिंग मध्येच तुटायचं, दोष अर्थिंगचा निघाला

आमची प्लग-इन हायब्रिड गाडी. साताऱ्यातल्या साताऱ्यात, शाहूपुरी ते पोवई नाका, मुलांची शाळा, आईचा दवाखाना, सगळं बॅटरीवर भागतं. पुण्याला जाताना तेवढं पेट्रोल. एप्रिलमध्ये मात्र रात्री लावलेलं चार्जिंग तासाभरात तुटायला लागलं. केबलच्या डब्यावर लाल दिवा आणि सकाळी बॅटरी जवळपास रिकामीच.

सर्व्हिस सेंटरने केबल बदला म्हणून सांगितलं. किंमत ऐकून थांबलो आणि आमच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला, तर 30 व्होल्ट! एक-दोनच्या आसपास हवा. "केबलला काही झालं नाही रे, अर्थिंग सुकलंय, म्हणून डबा चार्जिंग तोडतोय," काका म्हणाले. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि त्या रात्री चार्जिंग पूर्ण झालं. आमच्याकडे वर मुरूम, खाली काळा कातळ. उन्हाळ्यात ओल टिकत नाही.

मग नवा खड्डा घेतला. तांब्याची प्लेट, कोळसा-मिठाचे थर, तिथून थेट सॉकेटपर्यंत वेगळी वायर. जुनं सॉकेट उघडलं तर एक स्क्रू सैल, वायरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पोटात गोळाच आला, भिंतीपलीकडे मुलं झोपतात. 10 अँपिअर सलग सहा तास ओढायचे म्हणजे गिझरची पंधरा मिनिटं नव्हेत. सॉकेटही चांगल्या प्रतीचं नवं बसवलं.

काहीजण अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून डब्याला चकवतात. कृपा करून तसं करू नका, गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो.

आता उन्हाळ्यात दर रविवारी खड्ड्यात एक बादली पाणी.