मुलांचा मोबाइल कमी करताना या चुका टाळा

मोबाइल दिवसाला किती तास द्यायचा, हा हिशेब नंतर. आधी तो कोणत्या वेळी हातात येतो ते शोधा. फ्रिजवर एक कागद लावा आणि तीन दिवस घरातल्या प्रत्येकाने वेळ आणि कारण लिहा. बहुतेक घरांत चारच वेळा निघतात: जेवण, मोठ्यांची कामाची घाई, प्रवास आणि झोप. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना.

चूक: जेवताना मोबाइल, 'नाहीतर खातच नाही' म्हणून

सगळ्यात घट्ट सवय हीच, म्हणून सुरुवातही इथूनच करा. डोळे स्क्रीनवर असले की मूल तोबरा भरून बसतं, चावत नाही आणि पोट भरल्याचंही त्याला कळत नाही. घास आपण भरवतो म्हणून तो आत जातो, एवढंच.

रविवारी सकाळच्या नाश्त्यापासून सुरू करा, कारण त्या दिवशी ऑफिसची घाई नसते. मुलाला सगळ्यांबरोबर बसवा, ताटात नेहमीच्या निम्मंच वाढा आणि स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. पंचवीस मिनिटांनी ताट उचला, रागावू नका. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी. बेत फसतो तो मधल्या वेळात. 'काहीच खाल्लं नाही' म्हणून अर्ध्या तासात बिस्किट किंवा बाटलीभर दूध दिलं जातं, मग पुढच्या जेवणालाही भूक नसते. पहिले काही दिवस खाणं कमी होईल. वजन घटायला लागलं किंवा घास घशात अडकतोय असं वाटलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चूक: रडणं वाढलं की माघार घेणं

मोबाइल बंद केल्यावर रडणं आधी वाढतं, मग ओसरतं. पंधरा मिनिटं आकांत झाल्यावर मोबाइल हातात दिला, तर मूल एवढंच शिकतं की पंधरा मिनिटं रडावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते वीस मिनिटं रडेल. ठामपणे नाही म्हणणं जमणार नसेल त्या दिवशी पहिल्याच मागणीला द्या, पण रडून झाल्यावर देऊ नका.

मोबाइल हातातून हिसकावूनही घेऊ नका. 'हे गाणं संपलं की बंद' असं आधी सांगा. त्यासाठी यूट्यूबमधला ऑटोप्ले बंद हवा, नाहीतर गाणं संपतच नाही. शॉर्ट्सना तर शेवटच नसतो, ते लहान मुलांना दाखवूच नका. यूट्यूब किड्समध्ये टायमर आहे, वेळ झाली की ॲप स्वतःच थांबतं. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधलं ॲप पिनिंग सुरू केलं की मूल दुसऱ्या ॲपमध्ये जात नाही. बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही तिथेच चालू करा.

चूक: आजी-आजोबांवर दोष ढकलणं

आईबाबा रात्री आठला लोकलने घरी येतात. तोवर गुडघे दुखणाऱ्या आजीने मुलामागे किती धावायचं? 'आई, मोबाइल देऊ नका' एवढं म्हणून भागत नाही, बदल्यात काहीतरी हातात द्यावं लागतं. मेथी निवडणं, कणकेचा गोळा, कपड्यांचे चिमटे डब्याच्या कडेला लावणं, चमचे-वाट्या वेगळ्या करणं. तीन वर्षांखालच्या मुलाकडे मटार सोलायला देऊ नका, दाणे नाकात जातात. संध्याकाळी अर्धा तास इमारतीखाली न्यायला शेजारच्या मोठ्या मुलांची मदत मागा. पावसाळ्यात चाळीची गॅलरी किंवा जिन्याचा पॅसेज चालतो.

चूक: ट्रेनमध्ये रिकाम्या हाताने निघणं

दादरहून ठाण्याला स्लो लोकलने जाताना मध्ये दहा स्टेशनं लागतात. चार वर्षांच्या मुलाला ती बोटांवर मोजायला लावा, घोषणा ऐकून नाव सांगू द्या. वाशीकडे जाताना मानखुर्दनंतर खाडी येते, तिची वाट बघायला सांगा. पिशवीत छोटी वही, दोन खडू आणि सुका खाऊ ठेवा. मोबाइल बॅगेच्या तळाशी ठेवा, कारण दिसला की मागणी आलीच.

झोपेचं सोपं आहे: झोपण्याआधी एक तास स्क्रीन बंद, मोठ्यांचीही, आणि चार्जर बेडरूमबाहेर. वन रूम किचनमध्ये टीव्हीचा आवाज तरी बंद करा.

चूक: बोलत नाही, ते मोबाइलमुळेच असं धरून चालणं

दोन वर्षांचं झालं तरी मूल 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मोबाइल बंद करून वाट बघत बसू नका. आधी कान तपासून घ्या. वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी होते. जाताना फ्रिजवरचा तो कागद आणि मुलाला येणाऱ्या शब्दांची यादी सोबत न्या.