मंडळीने (म्हणजे चर्चने) आजूबाजूच्या वस्तीसाठी काम कसं सुरू करायचं
उपासना संपली की सगळे पाच मिनिटांत घरी, मग सहभागिता, म्हणजे एकमेकांशी जवळीक, वाढणार कशी? आधी ८-१० जणांचे छोटे गट करा, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमा, प्रार्थना करा, एकत्र जेवा आणि नवीन माणसाला एकटं बसू देऊ नका प्लीज. मग वस्तीत जा, पण काय द्यायचं ते आधीच ठरवून नको, घरोघरी विचारा, कुणाला दवाखान्यात सोबत लागते, कुणाच्या पोराला अभ्यासात मदत, आणि खरं सांगते, एकट्या म्हाताऱ्यांना नुसतं बोलायलाच कुणीतरी हवं असतं. सगळं पाळकांवर (पास्टरवर) टाकू नका, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी ७ जण वेगळे नेमलेच होते ना, तसंच करा. मदत देताना धर्म विचारू नका, फोटो तर अजिबात नको.