क्लस्टर अडकतो का, हे कसं तपासायचं

वितरित सिस्टीमच्या, म्हणजे अनेक मशीन (नोड) मिळून चालवलेल्या क्लस्टरच्या, बहुतेक चाचण्या चुकीचं उत्तर शोधतात: दोन नोडवर वेगळा डेटा, हरवलेली नोंद, एकाच टर्ममध्ये (लीडर निवडण्याच्या एका फेरीत) दोन लीडर. जो क्लस्टर काहीच करत नाही, तो या सगळ्या आरामात पास होतो. म्हणून लाइव्हनेसची, म्हणजे काम पुढे सरकतंय का याची, चाचणी वेगळी लिहावी लागते.

नेटवर्क कायम बेभरवशाचं असेल तर प्रगतीची हमी मागता येत नाही. मेसेज पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एक जरी नोड बंद पडू शकत असेल, तर कुठलाही डिटरमिनिस्टिक (नशिबावर काही न सोडणारा) कन्सेन्सस अल्गोरिदम, म्हणजे नोडचं एकमत घडवणारी पद्धत, अडकून राहू शकतो, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी 1985 मध्येच सिद्ध केलं. तेव्हा चाचणीचे दोन टप्पे करा. आधी मनसोक्त गोंधळ: मेसेज गाळा, उशिरा द्या, दोनदा द्या, नोड मारा, उठवा. मग गोंधळ थांबवा आणि ठरावीक वेळेत प्रलंबित विनंत्या पूर्ण झाल्याच पाहिजेत, अशी अट लावा.

थांबवताना सगळंच दुरुस्त करू नका. 5 पैकी 3 नोड निवडा, फक्त त्यांच्यातलं नेटवर्क नीट करा आणि उरलेले दोन कायमचे बिघडलेले सोडा. एक बंद, दुसरा मेसेज पाठवू शकतो, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. राफ्ट या कन्सेन्सस अल्गोरिदममध्ये प्री-व्होट (टर्म वाढवण्याआधी घेतलेला मतांचा अंदाज) नसेल, तर लीडरचा हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हा नियमित मेसेज, न मिळालेला हा नोड टर्म वाढवत निवडणुका मागत राहतो आणि चांगल्या लीडरला वारंवार पायउतार करतो. सगळे नोड बरे केलेत तर हा दोष लपतो. तसंच त्या तिघांना रीस्टार्ट देऊ नका. मेमरीतली अडकलेली अवस्थाच पुसली जाते. मात्र तिघांच्या डिस्कवर मिळून कमिट झालेला (बहुमताने पक्का झालेला) सगळा डेटा शाबूत असायला हवा. नाहीतर जिथे थांबणंच योग्य, तिथे चाचणी उगाच ओरडेल.

दुसरा टप्पा दोनदा चालवा: एकदा नव्या विनंत्या देत, एकदा त्या पूर्ण बंद ठेवून. नवा मेसेज आला की झोपलेला नोड जागा होतो, आणि हरवलेला टाइमर कधीच उघडकीला येत नाही. हा प्रकार वाटतो त्याहून फसवा आहे.

प्रगती मोजा ती कमिट इंडेक्सवर (शेवटच्या कमिट झालेल्या नोंदीच्या क्रमांकावर) आणि क्लायंटला मिळालेल्या उत्तरांवर. हार्टबीट, सीपीयू, लॉगमधली धावपळ यांना किंमत नाही. टर्म वाढतेय पण कमिट इंडेक्स जागेवर, तर लाइव्हलॉक: धावपळ आहे, प्रगती नाही. दोन्ही स्तब्ध, तर कोणीतरी कशाची तरी वाट बघतंय.

मुदत निवडणुकीच्या टाइमआउटवरून ठरवा. तो 150 ते 300 मिलिसेकंद असेल तर 10 सेकंद पुष्कळ. चाचणी फेल झाली की तोच सीड (ज्या आकड्यावरून चाचणीतला गोंधळ ठरतो तो) 10 पट मुदतीने पुन्हा चालवा. आता पास झाली, तर सिस्टीम अडकलेली नाही, मंद आहे. बहुधा गोंधळाच्या काळात बॅकऑफ, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबायचा वेळ, वरच्या मर्यादेशिवाय वाढत गेला. चाचणी सिम्युलेटरमध्ये चालत असेल, तर घड्याळ आभासी असल्यामुळे 100 सेकंदही स्वस्त पडतात. खऱ्या मशीनवर आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) एकाच दिशेचे पॅकेट गाळा, आणि प्रोसेस मारणाऱ्या सिगकिल सिग्नलबरोबर ती गोठवणारा सिगस्टॉपही वापरा: गोठलेल्या प्रोसेसचं टीसीपी कनेक्शन उघडंच राहतं, त्यामुळे समोरच्याला काही कळत नाही.

अडकलेल्या क्षणी प्रत्येक नोडची टर्म, भूमिका, चालू टाइमर आणि तो कोणाच्या उत्तरासाठी थांबलाय, हे छापा. हमखास सापडणारं कारण म्हणजे उत्तराची वाट आहे, पण टाइमर लावलेलाच नाही. त्याखालोखाल, हरवलेली नोंद ज्या नोडकडे नाही त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा मागणं.

फेल झालेला सीड जपून ठेवा, पण त्यावरच विसंबू नका. कोड बदलला की त्याच सीडमधून घटनांचा वेगळा क्रम निघू शकतो. म्हणून कोणते तीन नोड निवडले होते आणि कोणती दिशा तुटलेली होती, ती मांडणी स्वतंत्र टेस्ट म्हणून लिहा.