पाडव्याआधी मांडायचं सोशल मीडियाचं बजेट: हळद-तिखटाच्या छोट्या धंद्यासाठी

मार्चमध्ये नवी हळद बाजारात येते, एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचं तिखट भरलं जातं आणि हिशेबाचं नवं वर्षही तेव्हाच लागतं. म्हणून हळद, तिखट, धने पूड, पापड-कुरड्या असा माल करणाऱ्या विदर्भातल्या घरगुती उद्योगाने किंवा बचत गटाने सोशल मीडियाचा वर्षाचा खर्च पाडव्याच्या आधीच कागदावर मांडून ठेवावा. मोबाइल हातात घ्यायच्या आधी विक्रीची वही घ्या आणि त्यातून दोन आकडे काढा: मागच्या वर्षी एकूण माल किती रुपयांचा गेला, आणि एका पाकिटामागे खरंच किती उरलं. उरलं म्हणजे कच्चा माल, चक्कीवाल्याचे पैसे, पाकीट, लेबल, विजेचं बिल आणि बायांची रोजी वजा जाऊन उरलं ते. घरच्या बाईची मेहनत बहुतेक वह्यांत लिहिलेलीच नसते. तिचीही रोजी धरा, नाहीतर नफा कागदावर फुगतो आणि त्या फुगलेल्या नफ्याच्या भरवशावर जाहिरातीचे पैसे ठरतात.

समजा २०० ग्रॅम हळदीचं पाकीट ६० रुपयांना जातं आणि त्यात १५ रुपये सुटतात. फेसबुकवर ५०० रुपयांची जाहिरात चालवली, तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये जातात. म्हणजे ती जाहिरात नुसती फिटायलाच ४० पाकिटं जायला पाहिजेत, आणि तीही अशी की जी एरवी गेली नसती. नेहमीच्या गिऱ्हाइकाने जाहिरात पाहून नेलेलं पाकीट यात मोजू नका, तो आलाच असता. आता हेच गणित एक किलोच्या पाकिटाचं करा. त्यात ७० रुपये सुटत असतील, तर ५९० रुपये ९ पाकिटांत वसूल होतात. त्यामुळे जाहिरात करायचीच, तर किलोच्या पाकिटाची किंवा हळद-तिखट-धने-मसाला अशा संचाची करावी. छोटं पाकीट किराणा दुकानातून आपल्या पायाने जातं.

एकूण रक्कम किती ठेवायची? वर्षाची विक्री ६ लाख असेल तर मी ३ टक्के धरते, म्हणजे १८,००० रुपये. हे ३ टक्के कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाहीत. शंभरातले पंचवीस सुटत असतील, तर त्यातले तीन गेले तरी घर चालतं, एवढाच हिशेब. नागपूर-अमरावतीकडून पॅकेजवाल्यांचे फोन येतात: महिन्याला बारा पोस्ट, चार रील, समजा आठ हजार रुपये. वर्षाचे झाले ९६,०००, म्हणजे विक्रीच्या १६ टक्के. पंचवीसातले सोळा एजन्सीला दिले तर मिरची उन्हात कोणासाठी वाळवली? त्यातून त्या बारा पोस्टमध्ये निम्म्या सणाच्या शुभेच्छा असतात, आणि शुभेच्छा वाचून कोणी हळद घेत नाही. विक्री पाचपट वाढल्यावर पॅकेजचा विचार जरूर करा. तेव्हाही तीन गोष्टी लेखी घ्या: जाहिरातीचे पैसे त्या आठ हजारांत आहेत की वरून, आलेल्या मेसेजला उत्तर कोण देणार, आणि पेज कोणाच्या नावावर राहणार.

फुकटातली कामं आधी उरकून घ्या. व्हॉट्सअॅप बिझनेसला पैसे लागत नाहीत. त्यात वस्तूंचा कॅटलॉग फोटो-भावासकट टाकता येतो आणि नेहमीच्या उत्तरांचे तयार मेसेज ठेवता येतात. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम पाठवायच्या यादीत, एका वेळी २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पाकिटावर नंबरासोबत ‘हा नंबर सेव्ह करा’ असं छापून घ्या. गुगलच्या नकाशावर दुकान टाकणंही फुकट आहे. ‘पैसे भरा, नाहीतर नकाशावरून नाव निघेल’ असा फोन आला तर तो ठगाचा समजा. ‘चोवीस तासांत तुमचं पेज बंद होईल, या लिंकवर जा’ हा मेसेजही त्यातलाच.

आता खरा खर्च, ज्याला वहीत रकानाच नसतो: उत्तर कोण देणार? मेसेज येतात ते रात्री जेवणं झाल्यावर. त्यात लिहिलेलं असतं फक्त ‘रेट?’ एवढं. पाठोपाठ दुसरा: ‘का जी, घरपोच मिळन का?’ याला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दिलं तर गिऱ्हाईक तोवर बाजारातून मोकळं झालेलं असतं. जाहिरात पाचशेची असो की पाच हजारांची, उत्तराला माणूस नसेल तर ती वाया. घरातल्या एकाच्या नावावर ही जबाबदारी टाका आणि रात्रीचा तास-दीड तास ठरवून द्या. रोज तासभर काम म्हणजे महिन्याला तीस तास होतात, आणि त्याची किंमत पैशात देत नसलो तरी कागदावर दिसली पाहिजे. भाव, वजन, पोच कशी, पैसे कसे, या चार प्रश्नांची उत्तरं आधीच टाइप करून ठेवली की हा तास निम्म्यावर येतो. भाषा आपलीच ठेवा. गिऱ्हाइकाने वऱ्हाडीत विचारलं की वऱ्हाडीतच सांगावं, ‘मान्यवर ग्राहक’ वगैरे नको.

रील काढायला गावातला एखादा पोट्टा मिळतोच. त्याला चहा पाजून फुकटात राबवू नका, चार रीलनंतर तो फोन उचलणं बंद करतो. एका रीलचे १५० रुपये ठरवा आणि महिन्याला दोन रील धरा: वर्षाचे ३,६००. मात्र फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम खातं तुमच्या नंबरावर उघडा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा आणि त्याला पेजवर फक्त काम करण्यापुरते अधिकार द्या. ‘पोट्टं पुण्याले गेलं अन् पेजबी घेऊन गेलं’ ही तक्रार कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकायला मिळते. हजारो लोक जोडलेलं पेज असं हातचं गेलं की परत मिळवताना नाकी नऊ येतात.

सामानात फार अडकू नका. घरातला बरा कॅमेरा असलेला फोन चालतो. स्टँड, कॉलरचा माइक आणि पॉवर बँक मिळून १,५०० रुपये ठेवा. पॉवर बँक चैन नाही, ऐन उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. चित्रीकरण सकाळी आठ-साडेआठच्या आत करा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, दुपारच्या उन्हात हळद पांढुरकी दिसते आणि माणसंही कपाळाला आठ्या घालून बोलतात. उकडलेल्या हळदीचं अंगणात वाळवण, ती मोडली की आतून दिसणारा केशरी गाभा, चक्कीतून पडणारी पूड हातावर घेऊन दाखवणारी बाई, एवढं तीस सेकंदांत आलं की झालं. मागे सिनेमाचं गाणं टाकायच्या फंदात पडू नका. धंद्याच्या खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत, आणि हक्काच्या कारणाने आवाज काढून टाकला जातो. चक्कीचा आणि बोलणाऱ्या बाईचा आवाजच ठेवा. व्हिडिओ गावातून चढत नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर चढवा, तेवढ्यासाठी महागडं कनेक्शन घेऊ नका.

रिचार्जचं गणित मात्र पक्कं करा. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. एक रिचार्ज ३०० रुपयांचा धरला तर वर्षाचे ३,९००. हा धंद्याचा वेगळा नंबर असू द्या आणि तो बंद पडू देऊ नका. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि तोच तर तुमच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो.

म्हणजे रिचार्ज ३,९००, सामान १,५००, रील ३,६००. जाहिरातीला ६,००० ठेवा, नमुन्याच्या पुड्यांना १,५००, आणि फुटलेलं पार्सल, परत आलेला माल यांच्यासाठी १,५००. झाले १८,०००. जाहिरातीच्या ६,००० मधून जीएसटी जाऊन प्रत्यक्ष ५,०८५ रुपयांचीच जाहिरात होते. जीएसटी नंबर असेल आणि नियमित पद्धतीत असाल, तर जाहिरातीच्या खात्यात तो नंबर भरा, म्हणजे कर वजा मिळतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो खर्चच धरा. पैसे कार्ड जोडून नको, यूपीआयने आधी भरून ठेवा. भरलेले संपले की जाहिरात थांबते. ठिकाण स्वतः निवडा. नकाशावर आपल्या तालुक्याच्या गावी खूण करून पंचवीसेक किलोमीटरचा घेर पुरे. दुसरं ठिकाण पुणे. आपल्याकडची किती तरी घरं तिकडे नोकरीला आहेत आणि गावच्या तिखटासाठी आसुसलेली असतात. तिथे पाठवायच्या मालाचं वजन करून पोस्टात दर विचारून या आणि तो भावात धरा. पैसे आधी, पार्सल नंतर.

हे ६,००० बारा महिन्यांवर सारखे वाटू नका. शहरातला पगारदार दर महिन्याला खरेदी करतो, आपल्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. एप्रिल-मेमध्ये २,४०० घाला: नवी हळद, वर्षाचं तिखट, लग्नसराई आणि सुट्टीत गावी आलेली पुण्याची मंडळी, सगळं तेव्हाच जमून येतं. जून-जुलैला शून्य. बियाणं, खत आणि पोरांच्या शाळेत सगळ्यांचा हात रिकामा झालेला असतो, त्या दिवसांत मसाल्याची जाहिरात दाखवणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. रील मात्र चालू राहू द्या. पोळा ते महालक्ष्म्या ६०० रुपये. सोयाबीन निघून दसरा-दिवाळी आली की १,०००. उरलेले २,००० डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीपर्यंत, आणि हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. कापूस विकून घरात पैसा असतो आणि संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकू चालतं. ५० ग्रॅमच्या हळदीच्या छोट्या डब्या वाण म्हणून पंचवीस-पन्नासच्या संख्येने जातात. एका बाईची एक ऑर्डर म्हणजे किलो-दोन किलो हळद एकदम. त्या डब्या नोव्हेंबरातच मागवून ठेवा.

काय लिहिता यावरही एक नजर ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर लेबलावर आणि फोटोत स्पष्ट दिसू द्या. हळदीने अमुक रोग बरा होतो, असं लिहू नका, ते कायद्यात अडकतं. ‘वायगाव हळद’ किंवा ‘भिवापूर मिरची’ या नावांना भौगोलिक मानांकन आहे. तिथला माल नसेल तर ते नाव लावू नका, आणि असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

शेवटी वहीत एक रकाना वाढवा. नवीन गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं जी?’ एवढं विचारायचं आणि जाहिरातीसाठी ‘जा’, व्हॉट्सअॅपसाठी ‘व्हॉ’, नकाशासाठी ‘न’, ओळखीतून आला तर ‘ओ’ लिहायचं. मे संपला की ‘जा’ मोजा. २,४०० रुपये फिटायला किलोची निदान ३५ पाकिटं त्या खुणेची हवीत. निम्मीही नसतील, तर दसऱ्याचे १,००० जाहिरातीतून काढून नमुन्यांत टाका आणि लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना पाव-पाव किलो तिखट देऊन या.