कॉलेजची रील-टीम ऐन जुलैत गायब होते: या चुका टाळा

मी शिकवतो मेकॅनिकल, पण गेली काही वर्षं कॉलेजची प्रसिद्धी समिती माझ्या गळ्यात आहे. जिल्ह्याच्या गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज, जाहिरातीला पैसे बेताचे. म्हणून 'मुलांचीच टीम करू, तीच रील बनवतील' असं ठरलं. असं ठरवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक आम्ही करून बसलोय.

पहिली चूक नोटिशीतच होते. 'फोटोग्राफीची आवड असणाऱ्यांनी नावे द्यावीत' असं लिहिलं की दहा जण येतात आणि दहाही कॅमेरेवाले. लिहिणारं कुणी नाही, कॅमेऱ्यासमोर धीटपणे बोलणारं कुणी नाही. शिवाय त्यातले सहा जण शेवटच्या वर्षाचे, म्हणजे टीम जमेपर्यंत ती पासआउट. आता आम्ही मुलाखत घेत नाही, काम देतो: 'कॉलेजात येण्याआधी तुला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते एका मिनिटात सांग. फोन कुठलाही चालेल.' पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं निम्म्याहून जास्त घेतो. एकांकिका करणारी, गॅदरिंगला निवेदन करणारी पोरं यात हमखास चमकतात. कॅमेरा शिकवता येतो, बोलणं शिकवायला फार वेळ लागतो.

सामानावर मी फार बोलणार नाही. एक कॉलर माईक आणि ट्रायपॉड घ्या. ड्रोन नको.

आता विषय. आमच्या खात्यावर पहिलं वर्षभर काय होतं? दीपप्रज्वलन. शाल-श्रीफळ. मान्यवरांचं स्वागत करताना मान्यवर. हे बघणारे लोक म्हणजे त्या फोटोतलेच लोक. बारावीच्या पोराचे आणि त्याच्या आईबापाचे प्रश्न वेगळेच असतात. मेसमध्ये काय मिळतं, हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, मॅथ्स कच्चं असेल तर पहिल्या वर्षी निभावतं का. एका मुलीने तिच्या गावाहून कॉलेजपर्यंतच्या एसटीचं रील केलं. पहाटेची गाडी, स्टँडवर उतरून कुठून चालायचं, विद्यार्थी पासाचा फॉर्म कुठे मिळतो. चित्रण हलत होतं, मागे कंडक्टरची घंटी. त्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीवर 'ते एसटीवालं बघून आलो' हे वाक्य मी स्वतः तीन-चारदा ऐकलं. आम्ही काढलेल्या ड्रोनच्या फिल्मबद्दल एकदाही नाही.

पण पालकांच्या प्रश्नांची उत्तरं मुलांकडून द्यायची म्हणजे एक धोका असतो आणि तो आम्हाला चांगलाच भोवला. जुलै २०२४ मध्ये मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीचा शासन निर्णय आला. आमच्या टीमने उत्साहात त्याच रात्री रील टाकलं: 'मुलींना आता फी शून्य!' दोन दिवसांनी एक वडील मोबाईल पुढे धरून खिडकीवर उभे. हॉस्टेलचे पैसे का मागता, हा त्यांचा सवाल. माफी होती ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. ती ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, आणि कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाहीच. रीलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. मुलांची चूक नव्हती, ती तपासायची जबाबदारी कुणालाच दिलेली नव्हती.

तेव्हापासून फी, शिष्यवृत्ती, कटऑफ आणि प्लेसमेंट या चार गोष्टी कार्यालयाने वाचल्याशिवाय जात नाहीत. 'शंभर टक्के प्लेसमेंट' तर पोस्टमध्येच नको. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेच्या शैक्षणिक जाहिरातींच्या नियमांनुसार अशा दाव्याला पुरावा लागतो, आणि दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते.

याचं दुसरं टोकही वाईट. फजितीनंतर आम्ही प्रत्येक पोस्टला मंजुरी लावली. आधी मी, मग विभागप्रमुख, मग उपप्राचार्य, शेवटी प्राचार्य. गणेशोत्सवातल्या ढोलपथकाचं रील नवरात्रात मंजूर झालं. पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ओके सर' लिहिणंही बंद केलं, सगळं काम अंगठ्यावर. तुमचा ग्रुप असा थंड पडला असेल तर मुलं आळशी झाली असं समजू नका, आधी मंजुरीला किती दिवस लागतात ते मोजा. आता वरचे चार विषय सोडून बाकी सगळ्याला एकच नजर, माझी, आणि तीही त्याच दिवशी. मला जमलं नाही तर टीमप्रमुख मुलगी ठरवते. तिने आजवर माझ्यापेक्षा जास्त वेळा 'हे नको' म्हटलंय.

चालू गाण्यांचं एक: खातं बिझनेस प्रकारचं असलं की गाजणारी बरीच गाणी तिथे मिळत नाहीत. मग पोरं बाहेरच्या अ‍ॅपमध्ये गाणं चिकटवतात आणि रीलचा आवाज जातो. डफ वाजवणारा एखादा पोरगा प्रत्येक वर्गात असतो, त्याला पकडा. आणि कॅम्पस बघायला आलेली बारावीची मुलं बऱ्याचदा अठराच्या आतली असतात. त्यांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नकोत.

आता जुलैचं. कॅपच्या फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे कॉलेजला टीम सगळ्यात जास्त हवी तेव्हा. आणि टीम कुठे? मे-जूनमध्ये विद्यापीठाची परीक्षा, ती उरकली की कुणी गावी, कुणी इंटर्नशिपला. सलग दोन वर्षं आम्ही त्यांना फोन करकरून वैतागलो. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा तो), कागदपत्रं, हॉस्टेल यांची रील्स शूट करून ठेवली, तारखांची जागा रिकामी सोडून. हिरवळ मात्र सप्टेंबरातच टिपून ठेवा, मेमध्ये आमच्या कॅम्पसवर गवताची काडी नसते. हंगामात दोघं-तिघं थांबवायचीच असतील तर फुकट थांबवू नका. प्रमाणपत्रावर पोट भरत नाही. अनेक विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना आहे. पोरं त्यात ग्रंथालयात, बागेत काम करतात, तर त्याच तासांत हे काम बसतं का, ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. नसेल बसत तर मानधनाचा विषय संस्थेपुढे न्या. नुसती हजेरी माफ करून भागवू नका, दुसरे प्राध्यापक वैतागतात आणि तो राग मुलांवर निघतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक खातं उघडतानाच झाली होती. आमचं जुनं इन्स्टाग्राम खातं एका विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडलं होतं. तो पास झाला, पुण्यात नोकरीला लागला, नंबर बदलला. एक दिवस खात्याने लॉगिन मागितलं आणि ओटीपी त्या बंद नंबरवर गेला. काही वर्षांची रील्स अजून सगळ्यांना दिसतात, आम्हालाही दिसतात, हात मात्र लावता येत नाही. त्यात जुनी फी लिहिलेली एक पोस्ट आहे, तिच्याखाली दर जूनमध्ये कुणीतरी विचारतं, 'एवढीच ना?'

नवं खातं कॉलेजच्या ईमेलवर आणि कॉलेजच्या सिमवर आहे. मुलांना पासवर्ड न देता मेटा बिझनेस सूटमधून, म्हणजे इन्स्टाग्रामच्याच कंपनीच्या खाती सांभाळायच्या साधनातून, फक्त पोस्ट करण्याची परवानगी दिलीय, निरोप समारंभाच्या आठवड्यात जुनी नावं काढून नवी घालतो. ते सिम एका बटणांच्या फोनमध्ये घालून कार्यालयाच्या खणात ठेवलंय. चार्जरवर शिपाईमामांनी चिठ्ठी चिकटवलीय: 'काढू नये. रीलचा फोन.'