गावच्या घरी सिमवरचं नेट: आधी जागा शोधा, मग राउटर

कोकणातल्या आमच्या घराला चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा. वाडीत फायबर नाही. म्हणून सिमवर चालणारा फोरजी राउटर आणला आणि हौसेने टीव्हीशेजारी मांडला. नेट रडतखडत चालायचं. तोच राउटर माळ्याच्या खिडकीत नेला आणि व्हिडिओ अडायचा थांबला.

तेव्हा खरेदीआधी फोन घेऊन घरभर फिरा. रेंजच्या काड्यांवर जाऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. फोरजीवर उणे ९०च्या आसपास असेल तर छान, उणे ११५च्या पुढे गेला तर ती जागा सोडा. शेजाऱ्यांच्या फोनमधल्या दुसऱ्या कंपनीचा आकडाही बघा. वाडीत कोणाची रेंज धरते ते जाहिरातीतून कळत नाही.

राउटरच्या खोक्यावर बँड (कंपन्या वापरतात ते रेडिओलहरींचे पट्टे) ३, ५, ८ आणि ४० आहेत ना ते पाहा. बीएसएनएलच्या फोरजीसाठी १ आणि २८ही हवेत. परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये यातले काही नसतात. ड्रॉवरमधला जुना थ्रीजी डोंगल मात्र विसरा.

सिम आधी फोनमध्ये घालून नेट चालतं का बघा. पिनचं कुलूप असेल तर काढा आणि मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमधला एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणाऱ्या दाराचं नाव) अक्षर न अक्षर उतरवून घ्या. मग राउटर बंद असताना सिम आत सरकवा, सुरू करा आणि खालच्या स्टिकरवरच्या पासवर्डने वायफायला जोडा. ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नेट आपोआप आलं नाही तर तिथे तो एपीएन भरा. ॲडमिनचा पासवर्ड त्याच बैठकीत बदला.

खिडकीतही रेंज नसेल तर बाहेरचा अँटेना लागतो, कारण पत्रा सिग्नल अडवतो. इथे लोक एक चूक हमखास करतात: अँटेना छपरावर, राउटर खाली हॉलमध्ये आणि मध्ये पंधरा मीटर बारीक केबल. मिळालेला सिग्नल त्या केबलमध्येच विरतो. राउटर अँटेनाजवळ ठेवा आणि खाली लॅनची केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत निभावते. फक्त मे महिन्यात राउटर पत्र्याला चिकटून ठेवू नका, भाजून निघेल.

आता उपकरणं. स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट प्लग बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. जोडणी अडली तर राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायची नावं वेगळी करा. सिमवर सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा नेटवरचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट काढायची, खटपट वाया जाते. कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून चालणारा कॅमेरा घ्या. १ एमबीपीएसचं चित्र सतत बाहेर पाठवलं तर दिवसाला जवळपास ११ जीबी उडतात. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवा, बघायचं असेल तेव्हाच ॲप उघडा.

लाइट जाते तिथे राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या; व्होल्ट ॲडॅप्टरवर लिहिलेले असतील तेवढेच हवेत.

बँकेला जोडलेला नंबर मात्र या राउटरमध्ये घालू नका. ओटीपी राउटरच्या एसएमएसच्या पानावर जाऊन पडतात. रिचार्ज संपल्याचा मेसेजही तिथेच पडतो, आणि आपण मुंबईत बसून कॅमेरा बिघडला म्हणून शेजाऱ्यांना फोन करत बसतो.